अंतराळवीराचे प्रशिक्षण कसे होते आणि त्यासाठी स्वतःला कसे घडवावे

अंतराळवीराच्या कारकिर्दीतला अगदी थोडा काळ अंतराळात जातो. उरलेली वर्षे वर्गात, विमानात, पाण्याखाली आणि यानांच्या प्रतिकृतींमध्ये तालमी करण्यात जातात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सहा महिने राहून येणाऱ्या माणसाने त्याआधी साधारण दोन वर्षांचे पायाभूत प्रशिक्षण आणि मोहीम ठरल्यानंतर आणखी दीड ते दोन वर्षांचे विशेष प्रशिक्षण घेतलेले असते, आणि या दोहोंच्या मध्ये नुसती वाट पाहण्यातही काही वर्षे गेलेली असू शकतात. हे प्रशिक्षण कोणत्या क्रमाने होते, त्यातला प्रत्येक भाग कशासाठी असतो आणि ज्याला या वाटेने जायचे आहे त्याने आजपासून काय हाती घ्यावे, हे या लेखात मांडले आहे. वाचताना एक सूत्र ध्यानात ठेवावे. सगळे सुरळीत चालले असता काय करायचे, हे शिकायला फार वेळ लागत नाही. खरा वेळ लागतो तो काहीतरी बिघडले असता काय करायचे, हे हाताच्या सवयीचे होईपर्यंत घोटून घ्यायला.

अर्ज करण्यापूर्वी

नासाच्या सध्याच्या अटींनुसार उमेदवाराकडे विज्ञान, अभियांत्रिकी, गणित किंवा तत्सम विषयातली पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतरचा किमान तीन वर्षांचा कामाचा अनुभव असावा लागतो. वैमानिकांच्या बाबतीत अनुभवाऐवजी मुख्य वैमानिक म्हणून केलेले किमान १००० तासांचे उड्डाण धरले जाते. वैद्यकीय पदवी आणि चाचणी वैमानिकाचे शिक्षणही चालते. स्पर्धा किती तीव्र आहे, याची कल्पना आकड्यांवरून येईल: २०१७ मध्ये नासाकडे १८,३०० हून अधिक अर्ज आले आणि १२ जण निवडले गेले, युरोपीय अंतराळ संस्थेने २०२२ मध्ये २२,५०० हून अधिक अर्जदारांतून राखीव उमेदवार धरून १७ जण निवडले. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, केवळ निवड व्हावी एवढ्याच हेतूने विषय निवडू नये. निवड झाली नाही तरी आयुष्यभर मनापासून करता येईल, असाच विषय घ्यावा आणि त्यात खोलवर काम करावे.

डोळ्यांना चष्मा असणे हा आता अडथळा मानला जात नाही. चष्म्यासह किंवा लेसर शस्त्रक्रियेनंतर दृष्टी पूर्ण होत असेल, तर ते पुरते. रक्तदाब मर्यादेत असावा, आणि उंची अशी असावी की यानाच्या आसनात आणि स्पेससूटमध्ये शरीर नीट बसेल. एका कौशल्याकडे मात्र बरेच इच्छुक दुर्लक्ष करतात, ते म्हणजे पोहणे. नासाच्या नव्या उमेदवारांना पहिल्याच महिन्यात पोहण्याची चाचणी द्यावी लागते: २५ मीटरच्या तलावाच्या तीन लांब्या न थांबता पोहायच्या, मग उड्डाणाचा पोशाख आणि बूट घालून पुन्हा तीन लांब्या पोहायच्या आणि त्या पोशाखात दहा मिनिटे पाण्यावर तरंगत राहायचे. वेळेची मर्यादा नसली तरी पाण्याची भीती असलेल्या माणसाला ही चाचणी जड जाते. त्यानंतर स्कूबा डायव्हिंगचे शिक्षण येते, कारण पुढचे बरेचसे प्रशिक्षण पाण्याखालीच होणार असते. म्हणून वय कोणतेही असो, पोहायला आजच शिकायला लागावे आणि जमल्यास स्कूबाचा प्राथमिक अभ्यासक्रमही पूर्ण करावा.

पहिली दोन वर्षे

पायाभूत प्रशिक्षणात स्थानकाच्या यंत्रणा, स्पेसवॉक, यांत्रिक हात चालवणे, विमानोड्डाण आणि रशियन भाषा हे मुख्य विषय असतात. यंत्रणा म्हणजे वीज कुठून येते, उष्णता कशी बाहेर टाकली जाते, हवेतला कार्बन डायऑक्साइड कसा काढला जातो आणि मूत्रापासून पुन्हा पिण्याचे पाणी कसे तयार होते, हे सगळे. हे पाठ करून भागत नाही. एखादा पंप बंद पडला तर त्यामागोमाग काय काय बंद पडेल, हे साखळीसारखे डोळ्यांसमोर उभे राहिले पाहिजे. ज्यांना पुढे हे शिकायचे आहे त्यांनी आतापासून घरातल्या किंवा प्रयोगशाळेतल्या कोणत्याही उपकरणाची आकृती स्वतः काढून पाहावी, आणि त्यातला एकेक भाग मनातल्या मनात बंद करून परिणाम कुठवर जातो, हे कागदावर लिहावे. या विचारपद्धतीचा सराव कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक कामी येतो.

नासाचे अंतराळवीर टी-३८ या दोन आसनी, ध्वनीहून वेगवान जेट विमानातून नियमित उड्डाणे करतात. जे वैमानिक नाहीत ते मागच्या आसनावर बसून संपर्क आणि दिशादर्शन सांभाळतात. सिम्युलेटरमध्ये चूक झाली तर यंत्र थांबवून पुन्हा सुरुवात करता येते. विमानात ती सोय नाही. हवामान बिघडते, इंधन कमी होत जाते, रेडिओवर दोन जण एकाच वेळी बोलतात, आणि तरीही क्रमाने निर्णय घ्यावे लागतात. त्या दडपणाखाली डोके शांत ठेवण्याचा सराव व्हावा म्हणूनच हा खर्च केला जातो.

भाषेचा विषय वरवर साधा वाटतो, परंतु सोयुझ या रशियन यानातली बटणे, पडदे आणि कार्यपद्धतीची पुस्तके रशियन भाषेत असतात. ११ ऑक्टोबर २०१८ रोजी सोयुझ एमएस-१० च्या उड्डाणानंतर साधारण दोन मिनिटांनी रॉकेटचा एक बूस्टर नीट विलग झाला नाही आणि स्वयंचलित बचाव यंत्रणेने निक हेग आणि अलेक्सी ओव्हचिनिन यांची कुपी, म्हणजे यानाचा ते बसलेला भाग, रॉकेटपासून दूर फेकली. त्या वेळी आपल्या तोंडून आपोआप रशियनच बाहेर पडत होते, असे हेग यांनी नंतर सांगितले, कारण त्या कुपीत बसून केलेल्या सगळ्या तालमी रशियन भाषेतच झाल्या होत्या. भाषा शिकण्याची योग्य पातळी हीच: घाबरलेल्या क्षणी भाषांतर करावे लागू नये.

वाढलेले वजन आणि नाहीसे झालेले वजन

त्याच प्रसंगात दोघांच्या शरीरांवर गुरुत्वाच्या सुमारे ६.७ पट भार पडला. असा भार सोसण्याचा सराव सेंट्रिफ्यूजमध्ये होतो. मॉस्कोजवळच्या स्टार सिटी येथील गागारिन प्रशिक्षण केंद्रात १८ मीटर लांबीचा हात असलेला सेंट्रिफ्यूज आहे. त्याच्या टोकाच्या कक्षात बसवून उमेदवाराला गरगर फिरवले जाते. सोयुझ नेहमीच्या मार्गाने परतते तेव्हा साधारण ४ जी, म्हणजे गुरुत्वाच्या चौपट, भार येतो, परंतु नियंत्रण बिघडून कुपी बंदुकीच्या गोळीसारख्या सरळ मार्गाने खाली आली तर तो ८ ते ९ जी पर्यंत जातो. एप्रिल २००८ मध्ये सोयुझ टीएमए-११ च्या बाबतीत असेच घडले: तिघा प्रवाशांनी ८ जी च्या आसपास भार सोसला आणि कुपी ठरल्या जागेपासून ४०० किलोमीटरहून अधिक अंतरावर उतरली. तिघेही सुखरूप होते.

अशा भाराखाली श्वास कसा घ्यायचा, हे शिकावे लागते. यानात माणूस पाठीवर पडलेला असतो आणि भार छातीवरून पाठीकडे पडतो. एकदा छाती दबली की ती पुन्हा फुगवणे कठीण होते. म्हणून छातीचे स्नायू घट्ट ताणून धरायचे, फासळ्यांचा पिंजरा खाली बसू द्यायचा नाही आणि पोटाने श्वास घ्यायचा. पोटाने श्वास घेण्याची सवय कोणालाही घरी जमिनीवर उताणे पडून लावता येते, आणि ती आधीच असलेल्या उमेदवाराला सेंट्रिफ्यूजची पहिली फेरी बरीच सुसह्य होते.

वजनरहित अवस्थेचा खरा अनुभव पृथ्वीजवळ राहून मिळवायचा तर विमानाला परवलयाच्या आकाराच्या वक्र मार्गाने, म्हणजे वर फेकलेल्या चेंडूसारखे, नेण्यावाचून दुसरा उपाय नाही. विमान तीव्र कोनात वर चढते, मग वैमानिक जोर कमी करतो, आणि वक्राच्या माथ्याभोवती साधारण २० ते २२ सेकंद आतली माणसे तरंगू लागतात. या वक्राच्या आधी आणि नंतर मात्र शरीर सुमारे १.८ पट जड होते. फ्रान्समधल्या बोर्दो येथून उडणाऱ्या संशोधन विमानात एका उड्डाणात असे ३१ वक्र घेतले जातात. सगळे मिळून वजनरहित अवस्था जेमतेम अकरा मिनिटांची होते, तरी तेवढ्यात कपडे बदलणे, पाणी पिणे, पाय कुठे अडकवायचे हे ठरवणे, अशी छोटी कामे करून पाहता येतात. अनुभवी लोक पहिल्या काही वक्रांसाठी एक साधा नियम सांगतात: शरीर जड होत असताना पाठीवर आडवे व्हावे, डोके अजिबात हलवू नये, नजर एका बिंदूवर ठेवावी आणि तरंगू लागल्यावर पाय मारून पोहण्याचा प्रयत्न करू नये, कारण हवेला धरून पुढे जाता येत नाही आणि लाथ मात्र शेजाऱ्याला बसते.

मळमळीबद्दल मोकळेपणाने बोलले पाहिजे. अंतराळात पहिल्यांदा जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना सुरुवातीचे दोन-तीन दिवस मळमळ, डोकेदुखी आणि दिशाभ्रमाचा त्रास होतो. स्टार सिटीत फिरत्या खुर्चीवर बसवून डोके ठरावीक रीतीने वाकवण्याचे व्यायाम करून घेतात आणि त्यामुळे स्वतःची सहनशक्ती कळते. तरी जमिनीवर कधीच त्रास न झालेल्या माणसाला वर त्रास होऊ शकतो. त्यामुळे या चाचणीत मळमळ झाली म्हणून कोणी खचू नये. स्पेसवॉकसारखी जोखमीची कामे मोहिमेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत शक्यतो ठेवली जात नाहीत, ती याच कारणाने.

पाण्याखालचे सहा तास

माझ्या मते संपूर्ण प्रशिक्षणातला सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत शिकवणारा भाग पाण्याखाली होतो, आणि तो सुरू कसा झाला हे जाणून घेतल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. मार्च १९६५ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह यानाबाहेर पडणारे पहिले मानव ठरले. बाहेरच्या निर्वातात त्यांचा सूट इतका फुगला की आत परतण्यासाठी त्यांना त्यातला दाब कमी करावा लागला. जून १९६६ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ९ मोहिमेत यूजीन सर्नन यांना धरायला पुरेशा जागाच नव्हत्या. प्रत्येक हालचालीबरोबर शरीर भलतीकडे फिरे, घामाने हेल्मेटची काच धूसर झाली आणि ठरलेले काम अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. या अनुभवांनंतर बझ ऑल्ड्रिन यांनी तलावाच्या पाण्यात सराव केला, पाय रोवण्यासाठी आणि हाताने धरण्यासाठी ठिकाणे ठरवून घेतली, कामाच्या अधूनमधून विश्रांती ठेवली, आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये जेमिनी १२ मोहिमेत तीन वेळा मिळून सुमारे साडेपाच तासांचे काम न थकता पार पाडले. तेव्हापासून पाण्यातला सराव हा या प्रशिक्षणाचा कणा झाला.

ह्यूस्टनमधला नासाचा प्रशिक्षण तलाव ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल आहे. त्यात सुमारे २ कोटी ३५ लाख लिटर पाणी मावते आणि स्थानकाच्या भागांच्या पूर्ण आकाराच्या प्रतिकृती तळाशी ठेवलेल्या असतात. सूट चढवायला मदतनीस लागतात, कारण त्याचे वजन सव्वाशे किलोहून अधिक भरते. उमेदवाराला मंचावर उभे करून क्रेनने पाण्यात सोडले जाते. खाली गेल्यावर डायव्हर त्याच्या सूटला शिशाची वजने आणि फोमचे तुकडे लावत, काढत, तो वरही जाणार नाही, खालीही जाणार नाही आणि कोणत्याही बाजूला कलंडणार नाही, असा तोल साधतात. हे नीट होईपर्यंत घाई करू नये, असे प्रत्येक प्रशिक्षक सांगतो. तोल एका बाजूला राहिला, तर पुढचे सहा तास शरीर त्याच्याशी झगडत राहते.

एकदा खाली उतरल्यावर साधारण सहा तास काम चालते. प्रत्यक्ष स्पेसवॉकच्या दर तासामागे पाण्यात सहा ते सात तास सराव करण्याची पद्धत आहे. इतक्या खोलीवर इतका वेळ साधी हवा श्वासात घेतली तर रक्तात नायट्रोजन साठून वर येताना धोका निर्माण होतो, म्हणून सूटमध्ये अधिक ऑक्सिजन असलेले मिश्रण पुरवले जाते. सूटमधला दाब बाहेरच्यापेक्षा समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे ०.३ पट इतका जास्त ठेवलेला असतो आणि त्यामुळे हातमोजा फुगलेल्या चेंडूसारखा ताठ होतो. प्रत्येक वेळी मूठ मिटणे म्हणजे तो चेंडू दाबणे. नवशिका उमेदवार भीतीपोटी प्रत्येक दांडा गच्च धरतो आणि दोन तासांत त्याच्या हाताला गोळे येतात. दांडा दोन बोटांत हलकेच धरावा, शरीर शांत राहू द्यावे, हालचाल सावकाश सुरू करावी आणि तितक्याच सावकाश थांबवावी. मनगट आणि पंजाचे व्यायाम अवश्य करावेत, पण ताकदीपेक्षा हात सैल सोडण्याची कला अधिक उपयोगी पडते.

पाणी दोन बाबतींत फसवते, हे उमेदवाराने आधीच समजून घ्यावे. एक म्हणजे पाण्याला अवरोध असतो. हात फिरवला की तो आपोआप थांबतो, अंतराळात मात्र दिलेली गती तशीच चालू राहते. दुसरे म्हणजे सूट तरंगत असला तरी आतला माणूस तरंगत नसतो. उलटे व्हावे लागले की त्याचा सगळा भार खांद्यांवर येतो आणि रक्त डोक्याकडे उतरते. या तालमींमुळे अनेकांचे खांदे दुखावले आहेत. वजनरहित विमान, आभासी वास्तवाचे हेल्मेट आणि हवेच्या थरावर सरकणारे मंच यांचा सराव याला जोडून दिला जातो, तो ही उणीव भरून काढण्यासाठी.

पाण्याखालची सर्वांत महत्त्वाची सवय दोरीची आहे. पुढचा हुक अडकवून, ओढून, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मागचा हुक सोडायचा नाही. आणि हातातले प्रत्येक अवजार आधी बांधायचे, मगच वापरायचे. हजार वेळा केलेली ही कृती किती कामी येते, हे १६ जुलै २०१३ रोजी दिसले. इटलीचे अंतराळवीर लुका परमितानो स्थानकाबाहेर काम करत असताना त्यांच्या हेल्मेटमध्ये थंड करणाऱ्या यंत्रणेतले पाणी साचू लागले. ते डोळ्यांवर आणि नाकावर पसरले, दिसेनासे झाले आणि बोलणेही नीट ऐकू येईना. तेव्हा त्यांनी आपल्या सुरक्षा दोरीचा हलका ताण कोणत्या बाजूला ओढतो आहे, हे हाताला जाणवून घेत एअरलॉकपर्यंतचा, म्हणजे स्थानकात शिरण्याच्या दुहेरी दाराच्या कक्षापर्यंतचा, रस्ता शोधला. हेल्मेटमध्ये दीड लिटरच्या आसपास पाणी जमले होते. त्या घटनेनंतर हेल्मेटमध्ये पाणी शोषणारी गादी आणि सूटच्या आतल्या हवेशी जोडणारी श्वासाची नळी बसवण्यात आली.

बिघाडाची तालीम

सिम्युलेटरमध्ये उमेदवार आत बसलेला असतो आणि प्रशिक्षक बाहेरून एकेक बिघाड सोडत असतो. सुरुवातीला एक वेळी एकच बिघाड दिला जातो. पुढे पुढे एक निस्तरत असतानाच दुसरा येतो आणि दुसऱ्यामुळे पहिल्याचा उपाय चुकीचा ठरतो. तालमीचा फायदा आत बसलेल्यांनाच होतो असेही नाही. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या उड्डाणाच्या काही दिवस आधी एका तालमीत चंद्रावर उतरणाऱ्या यानाच्या संगणकाने इशाऱ्याचा अनोळखी क्रमांक दाखवला आणि नियंत्रण कक्षाने उतरणे रद्द करण्याचा आदेश दिला. तालमीनंतरच्या चर्चेत तो आदेश अनावश्यक होता, असे निष्पन्न झाले. मग जॅक गारमन या तरुण अभियंत्याने अशा सर्व इशाऱ्यांची यादी हाताने लिहून काढली. २० जुलै रोजी खऱ्या उतरणीत १२०२ हा इशारा आला, तेव्हा त्या यादीच्या आधारे काही सेकंदांत पुढे जाण्याचा निर्णय देता आला.

स्थानकावर तीन आणीबाणींची तालीम पुनःपुन्हा होते: आग, हवेचा दाब कमी होणे आणि अमोनियाची गळती. तिन्हींत पहिले काम एकच, सर्वांना सावध करणे आणि एकत्र जमणे. आग लागली तर सर्वांत आधी हवा खेळवणारे पंखे बंद करतात, कारण गुरुत्व नसताना आगीला नवी हवा मुख्यतः पंखेच पुरवतात. मग मुखवटे चढवून, त्या भागाची वीज तोडून आगीचे मूळ शोधले जाते. दाब घसरू लागला तर परतीच्या यानापर्यंतची वाट मोकळी आहे याची खात्री करायची, दाब ज्या वेगाने उतरतो आहे त्यावरून हाताशी किती मिनिटे आहेत याचा हिशोब करायचा, आणि मग एकेक झडपदार दार बंद करून गळती कोणत्या कक्षात आहे, हे ठरवायचे. अमोनियाच्या इशाऱ्यावर मुखवटा लावून थेट रशियन विभागात जायचे आणि मागचे दार लावून घ्यायचे, कारण अमोनिया अमेरिकी विभागाच्या शीतकरण यंत्रणेत असतो. जानेवारी २०१५ मध्ये असा इशारा आला, तेव्हा सर्वांनी हेच केले. पुढे तो इशारा खोटा निघाला, पण तो खरा मानून वागणे हेच बरोबर होते.

हे नियम खऱ्या अपघातांतून आले आहेत. फेब्रुवारी १९९७ मध्ये रशियाच्या मीर या अंतराळ स्थानकावर ऑक्सिजन तयार करणाऱ्या उपकरणाला आग लागली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये मालवाहू यान आदळून स्थानकाचा स्पेक्टर हा कक्ष फुटला. त्या कक्षाच्या दारातून तारा आत-बाहेर गेलेल्या होत्या आणि दार लावण्यासाठी त्या आधी सोडवाव्या व कापाव्या लागल्या. आज उमेदवाराला दारातून जाणारी प्रत्येक तार आणि नळी झटक्यात कशी सोडवायची, हे अंधारात आणि मुखवटा लावूनही करून दाखवावे लागते.

प्रत्येक तालमीनंतर चर्चा होते, आणि ती तालमीइतकीच मोलाची असते. ज्याची चूक झाली तो ती स्वतःच आधी सांगतो, तीही न लाजता आणि कारणासह. मग इतर बोलतात. दोष कोणाचा यापेक्षा कोणत्या क्षणी कोणती माहिती हुकली, यावर भर असतो. आपल्या आताच्या कामात, मग ते प्रयोगशाळेतले असो की रुग्णालयातले, ही पद्धत रुजवणारा उमेदवार निवडीच्या वेळी वेगळा ओळखू येतो.

एकमेकांबरोबर राहणे

सहा महिने बंद जागेत राहायचे तर कौशल्याइतकाच स्वभाव महत्त्वाचा ठरतो, आणि त्याचीही तालीम होते. युरोपीय अंतराळ संस्था २०११ पासून इटलीतल्या सार्डिनिया बेटावरच्या गुहांमध्ये वेगवेगळ्या देशांच्या अंतराळवीरांना एकत्र नेते; तिथे सूर्य दिसत नाही, वाट चुकण्याची भीती खरी असते आणि नकाशा सर्वांनी मिळूनच करावा लागतो. फ्लोरिडाजवळ समुद्रात सुमारे १९ मीटर खोलीवर असलेल्या ॲक्वेरियस निवासातही नासाने अशा मोहिमा केल्या. तिथे राहणाऱ्याच्या शरीरात वायू इतका मुरलेला असतो की मनात आले म्हणून वर येता येत नाही, दाब उतरवायला कित्येक तास लागतात; परतीचा मार्ग लगेच मोकळा नाही, ही जाणीव तिथे खरीखुरी मिळते. त्याहून दीर्घ प्रयोग मॉस्कोत झाला, जून २०१० ते नोव्हेंबर २०११ या काळात सहा जण ५२० दिवस बंद कक्षांत राहिले.

सोयुझने जाणाऱ्यांना हिवाळ्यातल्या जंगलात दोन रात्री काढाव्या लागतात. कुपीतून बाहेर पडून, पॅराशूटच्या कापडाचा निवारा करून, शेकोटी पेटती ठेवत बचावपथकाची वाट पाहायची असते. याचे मूळ १९६५ मध्ये आहे: लिओनोव्ह आणि त्यांचे सहप्रवासी बेल्यायेव्ह यांचे यान ठरल्या जागेऐवजी रशियातल्या पर्म भागातल्या बर्फाळ जंगलात उतरले आणि त्यांना तिथे दोन रात्री थंडीत काढाव्या लागल्या. हवामान कसेही असो, गिर्यारोहण किंवा अनेक दिवसांची पायी भटकंती अनोळखी सोबत्यांबरोबर करून पाहणे, ही या भागाची उत्तम पूर्वतयारी आहे. थकलेले, भुकेले आणि ओले असताना आपण इतरांशी कसे वागतो, हे तिथे स्वतःलाच कळते. सोबत्याचे ओझे न सांगता उचलणे आणि आपल्याला मदत हवी असेल तर ती वेळेवर मागणे, या दोन्ही गोष्टी निवड करणारे लोक बारकाईने पाहतात.

शरीर, उपचार आणि दगड

वजनरहित अवस्थेत खुब्याच्या हाडांची घनता दरमहा साधारण १ ते १.५ टक्क्याने घटते, म्हणून स्थानकावर रोज दोन तासांहून अधिक वेळ व्यायामासाठी ठेवलेला असतो आणि त्या उपकरणांचा सराव आधी जमिनीवर होतो. प्रत्येक चमूत किमान एकाला वैद्यकीय जबाबदारीचे प्रशिक्षण मिळते: टाके घालणे, इंजेक्शन देणे, दात काढणे, आणि हृदय थांबल्यास पाय छताला टेकून छाती दाबणे. एका अंतराळवीराच्या मानेच्या शिरेत गुठळी असल्याचे स्थानकावरच अल्ट्रासाऊंडने आढळले आणि जमिनीवरच्या डॉक्टरांच्या मार्गदर्शनाने तिथेच उपचार झाले, अशी नोंद २०२० मध्ये प्रसिद्ध झाली आहे. शौचालयाचा वापर, स्वतःचे रक्त काढणे, छायाचित्रण, सामान बांधणे, हेही सगळे शिकावे लागते, परंतु त्यात मोठी अडचण येत नाही.

चंद्रावर जाणाऱ्यांना भूशास्त्राचा अभ्यास जास्त लागतो, आणि तो बाहेर, दगडांमध्येच होतो. अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट आणि जेम्स अर्विन यांना भूशास्त्रज्ञ ली सिल्व्हर यांनी वाळवंटात फिरवून, दिसेल त्याचे वर्णन रेडिओवरून न पाहणाऱ्याला समजेल अशा शब्दांत करायला शिकवले. १९७१ मध्ये चंद्रावर त्यांनी एक फिकट, चमकदार दगड पाहताक्षणी ओळखला. तो चंद्राच्या आद्य कवचाचा, ४०० कोटी वर्षांहून जुना तुकडा निघाला. ज्याला हे कौशल्य हवे आहे त्याने कोणत्याही टेकडीवर जाऊन एका दगडाचे वर्णन मोठ्याने करावे आणि फोनवर ऐकणाऱ्या मित्राला त्यावरून चित्र काढायला सांगावे. चित्र आणि दगड यांत फरक किती पडतो, ते पाहून वर्णन सुधारत न्यावे.

उड्डाणाआधी आणि परतल्यानंतर

स्टार सिटीत शेवटची परीक्षा दिवसभर चालते. चमू बंद पाकिटांतून एक पाकीट निवडतो. आत कोणते बिघाड लिहिलेले आहेत, हे परीक्षकांना ठाऊक असते, चमूला नसते. ही परीक्षा झाली की साधारण दोन आठवडे विलगीकरण असते, कारण सर्दीसारखा किरकोळ आजारही स्थानकावर सर्वांना लागू शकतो. या दिवसांत रशियन परंपरेनुसार डोक्याकडची बाजू खाली झुकवलेल्या पलंगावर झोपून शरीराला रक्ताच्या बदललेल्या वाहण्याची सवय लावतात.

परतल्यावर प्रशिक्षण संपत नाही. तोल सांभाळणे, वळताना भोवळ येऊ न देणे आणि स्नायूंची ताकद परत मिळवणे, यासाठी सुमारे दीड महिना रोज दोन तासांचे व्यायाम ठरलेले असतात. त्याच काळात अंतराळवीर अभियंते आणि प्रशिक्षक यांच्यासमोर बसून वर काय चुकले, कोणता हुक अडकला, कोणती सूचना संदिग्ध होती आणि कोणती तालीम प्रत्यक्षाशी जुळली नाही, हे एकेक करून सांगतो. त्या नोंदींवरून पुस्तके बदलतात, तलावातल्या प्रतिकृती सुधारल्या जातात, आणि त्याने वर निस्तरलेला बिघाड काही महिन्यांनी पुढच्या चमूसमोर सिम्युलेटरमध्ये सोडला जातो.